मिरजेतील उन्हाळी संशोधन प्रशिक्षण : आठ आठवड्यांनंतरचे परीक्षण

मिरजेतील एका जीववैद्यकीय संशोधन केंद्रात दर उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आठ आठवड्यांचे निवासी प्रशिक्षण घेतले जाते. ग्रामीण महाविद्यालयांतील, अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त समाजांतील, आणि ज्यांच्या घरात आजवर कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले नाही अशा मुलामुलींना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करता यावे, हा त्याचा जाहीर हेतू आहे. यंदा निवड झालेल्या बारा जणांत मी होते. विट्याजवळच्या एका गावातून, सूक्ष्मजीवशास्त्राचे दुसरे वर्ष संपवून मी मेच्या आरंभी तेथे गेले आणि जूनअखेरीस परत आले. पुढच्या वर्षी अर्ज करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. केंद्राचे नाव मात्र देत नाही, कारण येथे नोंदवलेल्या त्रुटी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्यावरचे उत्तर अजून यायचे आहे.

माझे मत आधीच सांगते. शिकवण्याच्या बाबतीत हे प्रशिक्षण इतके चांगले आहे की महाविद्यालयातील दोन वर्षांत जे हाताला लागले नाही ते मला येथे तीन आठवड्यांत मिळाले. व्यवस्थेच्या बाबतीत मात्र त्याची आखणी करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट लक्षात घेतलेली नाही. ज्यांच्या पाठीशी कोणी नाही अशांसाठी म्हणून योजलेले हे प्रशिक्षण अर्जापासून जेवणापर्यंत प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याच्या पाठीशी कोणीतरी आहे, असे गृहीत धरून चालते.

सुरुवात अर्जापासूनच होते. अर्ज पूर्णपणे इंग्रजीत आहे, याबद्दल माझी तक्रार नाही, कारण पुढे सगळे वाचन इंग्रजीतच करायचे असते. अडचण शिफारसपत्रांची आहे. दोन पत्रे लागतात आणि त्यांपैकी एक विद्यार्थ्याचे संशोधनातील काम पाहिलेल्या व्यक्तीचे असावे, अशी अट आहे. आमच्या महाविद्यालयात पदवीच्या मुलांनी संशोधन करण्याची पद्धतच नाही. जे काम केलेले नाही ते शिकता यावे म्हणून अर्ज करायचा आणि त्याच अर्जात ते काम पाहिलेला साक्षीदार आणायचा, हा पेच माझ्या शिक्षकांनीही हसत हसत बोलून दाखवला. शेवटी सरांनी मी केलेल्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणीलाच संशोधन म्हटले आणि पत्र दिले. केंद्रानेही ते मान्य केले, याचा अर्थ ही अट तेथेही कोणी फारशी मनावर घेत नसावे. मग ती छापली कशासाठी जाते? ती वाचूनच माझ्या वर्गातील दोघींनी अर्ज भरला नाही.

मुलाखत मात्र मला फार आवडली. खानापूर-आटपाडी भागातील असंख्य कुटुंबांप्रमाणे माझे वडीलही गलाई व्यवसायात, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामात आहेत आणि वर्षातील दहा महिने तमिळनाडूत असतात. रसायनशास्त्रात रस कसा निर्माण झाला, असे विचारल्यावर मी दुकानातील तेजाबाची गोष्ट सांगितली : नायट्रिक आम्लात चांदी विरघळते, सोने तळाशी राहते, आणि त्या वेळी उठणारा तपकिरी धूर वडील तोंडाला पंचा बांधून सोसतात. तो धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो, हे मला बारावीनंतर कळले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्यावर दहा मिनिटे प्रश्न विचारले. धूर कोठे जातो, दुकानाला खिडकी किती मोठी आहे, कामगारांना खोकला होतो का, हे सगळे त्यांनी विचारले, पण माझे गुण विचारले नाहीत. पुढे पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत धूर खेचून घेणारे बंद कपाट दाखवले गेले आणि तीव्र आम्लाची बाटली त्याच्या बाहेर उघडायची नाही, असे बजावले गेले, तेव्हा मला दुकानातली ती खिडकी आठवली.

आता पैशाविषयी. विद्यावेतन महिना आठ हजार रुपये, म्हणजे दोन महिन्यांचे सोळा हजार. खोली विनामूल्य असली तरी तिची दोन हजार रुपये अनामत आणि मेसचे दोन्ही महिन्यांचे सात हजार रुपये पहिल्या दिवशी रोख भरावे लागतात. विद्यावेतनाचा पहिला हप्ता बँक खात्याची पडताळणी होऊन सहाव्या आठवड्यात जमा झाला. मधल्या काळासाठी आईने बचत गटातून नऊ हजार रुपये दरमहा शेकडा दोन व्याजाने उचलले. व्याजाची रक्कम मोठी नाही, पण गटात त्या महिन्यात दुसरी एक बाई बियाण्यासाठी थांबली होती, हे आईला खटकत राहिले. शिवाय आदल्या वर्षी लग्नसराईत मी विट्यातील कापडाच्या दुकानात दोन महिने काम करून बारा हजार रुपये मिळवले होते. मेसचे पैसे वजा जाता विद्यावेतनातून नऊ हजार उरतात, म्हणजे प्रशिक्षण घेतल्यामुळे आमच्या घराला तीन हजारांची तूट आली. ती मी आनंदाने सोसली असती, पण केंद्राच्या कार्यालयातील गृहस्थांनी विद्यावेतनाच्या विलंबाबद्दल विचारल्यावर ‘घरून मागवून घ्या ना’ असे सुचवले, तेव्हा हे प्रशिक्षण कोणासाठी आहे याचा त्यांना विसर पडला आहे, असे वाटले.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही, म्हणून अधिक खटकते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ज्या मुलाकडे फी नाही त्याच्याकडे वसतिगृहाची अनामत तरी कोठून येणार, हा प्रश्न त्यांच्यासमोर पहिल्या दिवसापासून होता, आणि ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे उत्तर होते. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या कितीतरी घरांतील पहिला पदवीधर त्या वाटेने आला. मदत शिक्षणाच्या आधी किंवा निदान बरोबरीने पोहोचली पाहिजे, एवढे तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच ठरलेले होते.

शिक्षणाकडे वळते, कारण त्याबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पहिले दोन दिवस आम्ही फक्त पाणी मोजले. मायक्रोपिपेटने, म्हणजे द्रवाचे अगदी सूक्ष्म माप घेणाऱ्या उपकरणाने, शंभर मायक्रोलिटर पाणी घ्यायचे, तराजूवर ठेवलेल्या छोट्या भांड्यात सोडायचे आणि वजन वहीत लिहायचे. शंभर मायक्रोलिटर पाण्याचे वजन जवळजवळ शंभर मिलिग्रॅम भरले पाहिजे. माझी पहिली दहा वजने ९१ पासून १०८ पर्यंत भटकत होती. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून हळू सोडायचे, टोक द्रवात फार खोल बुडवायचे नाही, पिपेट आडवी धरायची नाही, हे सगळे तोंडी सांगून अर्ध्या तासात संपले असते. वजनाचा आकडा समोर दिसत असल्याने मात्र चूक कोठे होते ते हातालाच कळत गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझी वजने ९९ ते १०१ च्या आत आली. आमच्या महाविद्यालयात दोन मायक्रोपिपेट आहेत आणि त्या कपाटात असतात. त्या बिघडतील ही भीती खरी आहे, शिक्षकांना दोष देता येणार नाही, पण मी दोन वर्षांत त्यांना एकदाच हात लावला होता.

त्यानंतरचे चार दिवस सुरक्षिततेचे होते. रुग्णालयीन व प्रयोगशाळेतील कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत काय जाते, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे धरूनही मोठ्या बाटलीच्या आतील माध्यम निर्जंतुक झाले असेलच असे का म्हणता येत नाही, हे सगळे करून दाखवले गेले. रुग्णांचे नमुने आम्हाला दिले जात नाहीत. त्यासाठी नैतिकता समितीची मान्यता लागते आणि आठ आठवड्यांत ती मिळवून काम करणे शक्य नसते. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून जे गाव दवाखान्यांचे म्हणून ओळखले जाते, तेथे राहून रुग्णांशी काहीच संबंध येऊ नये, याची काही मुलांना खंत वाटली. मला केंद्राचा निर्णय योग्य वाटतो.

प्रकल्पाचा विषय निवडण्याची मुभा होती, आणि आम्हा बारापैकी पाच जणांनी हळद निवडली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हरिपूरची हळद साठवण्याची पेवे आम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेली, तेव्हा दुसरे काय सुचणार होते? मार्गदर्शक बाईंनी चौघांना समजावून इतर विषयांकडे वळवले आणि मला मात्र हळद दिली. त्यांनी असे का केले, ते मला पाचव्या आठवड्यात समजले.

राजापुरी हळदीचा इथेनॉलमधील अर्क तयार करून तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची वाढ रोखतो का, हे पाहायचे होते. म्युलर-हिंटन आगर, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम, चार मिलिमीटर जाडीचे ओतायचे, जिवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा ०.५ मॅक्फर्लंड या गढूळपणाच्या ठरलेल्या प्रमाणाशी जुळवायचा, तो पृष्ठभागावर सारखा पसरायचा, आगरमध्ये सहा मिलिमीटरची विवरे पाडून त्यांत अर्क भरायचा आणि ३५ अंशांवर सोळा ते अठरा तास ठेवायचे. तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी इनक्यूबेटर उघडला तर अर्काभोवती स्वच्छ गोल वलय होते, म्हणजे तेवढ्या भागात जिवाणू वाढले नव्हते. मी पट्टी लावली, व्यास बारा मिलिमीटर भरला. मी प्लेट घेऊन जवळजवळ धावतच बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि विचारले, ‘छान. आणि नुसतं इथेनॉल कुठंय?’

नुसत्या इथेनॉलचे विवर मी ठेवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ठेवले. त्याभोवती अकरा मिलिमीटरचे वलय आले.

या एका दिवसासाठी मी हे प्रशिक्षण पुन्हा घेईन. महाविद्यालयात आम्ही तुलनेसाठीची प्लेट, म्हणजे कंट्रोल, परीक्षेत एका गुणासाठी लिहीत असू. ती नसली तर माणूस स्वतःला किती सहज फसवू शकतो, हे मला त्या अकरा मिलिमीटरांनी शिकवले. त्यानंतर बाईंच्या सल्ल्याने अर्क कागदी चकत्यांवर टाकून इथेनॉल पूर्ण उडू दिले आणि त्या चकत्या आगरवर ठेवल्या, तर वलय जवळजवळ नाहीसे झाले. मी निराश होऊन ‘हळदीत काही नाही’ असे वहीत लिहिले, तेव्हा त्यांनी तेही वाक्य खोडायला लावले. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात अगदी कमी विरघळते, त्यामुळे ते चकतीतून पाणीदार आगरमध्ये पसरतच नाही. वलय न दिसणे हा त्याच्या निष्प्रभतेचा पुरावा होत नाही, ही पद्धतच त्याच्यासाठी चुकीची आहे. मग शहाण्णव विवरांच्या पट्टीत द्रव माध्यम घेऊन अर्काचे प्रमाण दर पायरीला निम्मे करत नेले, तर अर्काचा साका आणि पिवळा रंग यांमुळे वाढ झाली की नाही हे डोळ्यांना ठरवता येईना. शेवटी प्रत्येक विवरातील थेंब पातळ करून आगरवर पसरायचा आणि वसाहती मोजायच्या, हा जुना आणि वेळखाऊ मार्ग उरला. चार वेळा केलेल्या मोजणीपैकी तीनदा सर्वांत जास्त प्रमाणात संख्या थोडी घटली, एकदा घटली नाही. माझ्या अहवालाचे अखेरचे वाक्य ‘या अर्काच्या जिवाणूरोधक गुणाविषयी एवढ्या प्रयोगांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही’ असे आहे, आणि सादरीकरणात त्याबद्दल कोणीही नाक मुरडले नाही.

पाचव्या आठवड्यात बाईंनी मला २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत आलेला कर्क्युमिनवरील आढावा वाचायला दिला. हा पदार्थ अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही, त्याचा रंग आणि प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकण्याचा गुण, अनेक चाचण्यांमध्ये खोटे होकारार्थी निकाल देतात, आणि शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे खरे औषध कोणाला मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही कळू न देता, घेतलेली एकही यशस्वी ठरलेली नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हे मला पहिल्या दिवशी दिले असते तर मी विषय बदलला असता आणि ती बारा मिलिमीटरची प्लेट माझ्या हातून कधी झालीच नसती. घरी हे सांगितल्यावर आजीने एवढेच विचारले की मग जखमेवर लावायची की नाही. मी त्याचे उत्तर दिलेले नाही.

इतर बाबी थोडक्यात. दर शुक्रवारी एक शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा होते. पहिल्या दोन वेळी आम्ही मुले गप्प होतो, कारण इंग्रजी वाचता आले तरी सर्वांसमोर बोलता येत नव्हते. जतहून आलेल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने तिसऱ्या वेळी मराठीत प्रश्न विचारला आणि सरांनी मराठीतच उत्तर दिले, त्यानंतर दोन्ही भाषा चालू लागल्या. हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर दोन शुक्रवार वाया गेले नसते. शेवटच्या आठवड्यातील व्यवसाय मार्गदर्शनाची व्याख्याने परदेशातील प्रवेशांवर होती आणि त्यांतील परीक्षाशुल्काचे आकडे ऐकून मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मेसचे जेवण बरे होते, आमटी पातळ. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी सातला बंद होते आणि मुलांचे होत नाही. सोळा तासांचा हिशेब धरला तर प्लेट दुपारी चारला ठेवून सकाळी आठला पाहता येते, त्यामुळे माझे काम अडले नाही, पण पेशीसंवर्धन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पेशींचे माध्यम बदलण्यासाठी दोनदा मुलांवर अवलंबून राहावे लागले. प्रयोगशाळेतील मदतनीस मामांचा उल्लेख केलाच पाहिजे. आगर किती गार झाल्यावर ओतायचे, हे त्यांनी बाटली गालाला लावून दाखवले.

देशातील अन्य संधींशी तुलना करायची तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९७९ पासूनची अल्पकालीन विद्यार्थी योजना वैद्यकीय व दंतवैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तेथे आम्हा बी.एस्सी.च्या मुलांना जागा नाही. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती आमच्यासाठी खुली आहे, पण तेथे स्पर्धा साऱ्या देशाशी असते. म्हणूनच मिरजेसारख्या ठिकाणच्या, मुद्दाम मागे राहिलेल्यांसाठी असलेल्या बारा जागांचे मोल मोठे आहे. अशा योजनांचा जुना अनुभव अमेरिकेत आहे. मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील शाखेत १९८८ मध्ये सुरू झालेला मायरहॉफ कार्यक्रम आरंभी केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी होता, पुढे मुली आणि इतरही आले. त्यातील माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग असा की पदवीचे पहिले वर्ष सुरू होण्यापूर्वीच सहा आठवड्यांचा उन्हाळी पूर्ववर्ग घेतला जातो, म्हणजे मुले प्रयोगशाळेत शिरण्याआधी एकमेकांना आणि शिक्षकांना ओळखू लागतात. आमच्याकडे सहा आठवडे नकोत. निवड झाल्यावर एप्रिलमध्ये दोन दिवस बोलावून भाषेची, पैशाची आणि पायताणांची चर्चा झाली असती तरी पुरे होते.

पायताणांचे म्हणते, कारण बंद बुटांशिवाय प्रयोगशाळेत प्रवेश नाही, हे आम्हाला दारातच कळले. आम्ही चौघी चपला घालून गेलो होतो आणि त्या दुपारी मिरजेच्या बाजारात बूट शोधत हिंडलो.

प्रशिक्षणानंतर केंद्राने काय करावे हे ठरलेले दिसत नाही. प्रमाणपत्रावर माझे नाव आणि आठवड्यांची संख्या आहे, मी काय शिकले ते नाही. बाईंनी मात्र दोन पानांचे शिफारसपत्र दिले असून त्यात अकरा मिलिमीटरच्या वलयाचाही उल्लेख आहे. पुढच्या अर्जात ‘संशोधनातील काम पाहिलेली व्यक्ती’ या रकान्यात मला आता खरे नाव लिहिता येईल.

अर्जाचे पत्रक जानेवारीत महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लागते. ज्यांना जायचे आहे त्यांनी बँक खाते चालू असल्याची खात्री आधीच करून घ्यावी, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला डिसेंबरमध्येच काढून ठेवावा, शिफारसपत्राच्या अटीला घाबरू नये, बंद बूट न्यावेत आणि जवळ दहा हजार रुपये असावेत. तेवढे नसतील तर निवडीचे पत्र येताच केंद्राच्या कार्यालयाला तसे लेखी कळवावे. आमच्यातील एका मुलाने तसे केले, तेव्हा त्याचे मेसचे पैसे नंतर विद्यावेतनातून वळते करून घेतले गेले. अशी सोय आहे, हे पत्रकात कोठेही छापलेले नाही, आणि आम्हा उरलेल्या अकरा जणांना ते कळले तेव्हा सातवा आठवडा चालू होता.